पाणबुडीत व्याह्यांसोबत

३ मार्च
लेकीचे होणारे सासू-सासरे रविवारी पहिल्यांदा येताहेत. सासरे दातांचे डॉक्टर. त्यांच्यासमोर लोक तोंड उघडतात, पण बोलत नाहीत. त्यामुळे व्याह्यांना ऐकून घ्यायची सवय नसणार. ती मी लावीन.
प्लॅन ठरला: पाणबुडी म्युझियम. नौदलातून निवृत्त झालेली खरी पाणबुडी, आत शिरून बघता येते. गाइड मीच. ही म्हणाली, तुम्हाला लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो. मी जिने चढतो ते तब्येतीसाठी, हे हिला कधी कळणार?

५ मार्च
पाणबुड्यांचा संपूर्ण इतिहास वाचायला घेतला. पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आत डोळा लागला. मुद्दे मात्र पक्के झालेत.

६ मार्च, संध्याकाळ
सराव. कपड्यांच्या कपाटात उभा राहून दार लावून घेतलं. उत्तम जमलं. हिने दार उघडलं तेव्हा मी निघणारच होतो. शेजारचे धावत आले, ओरडलं कोण म्हणून. आमच्या भिंती फारच पातळ आहेत.

८ मार्च, रविवार
सुरुवात झकास. बाहेरच्या दालनात मॉडेल्स होती, तिथे मी भरपूर बोललो. व्याही मान डोलावत होते. लेक मोबाइलमध्ये बघत होती, बहुधा नोट्स काढत असावी. मग पाणबुडीत उतरलो. शिरल्या शिरल्या मी सगळ्यांना टॉर्पेडो दाखवला. खाली पाटी होती: पाणी तापवण्याचा बंब. पाट्या लावणारे लोक अभ्यास करत नाहीत.
पुढे एक गोल दार. पाय आधी घालायचे की डोकं, यावर मी क्षणभर विचार केला. तेवढ्यात हवा संपली. माझ्या एकट्याची. मागे रांग, पुढे रांग, डोक्यावर पाइप. मी दाराची कड धरून उभा राहिलो. सगळे सोडा म्हणाले, सोडली नाही.
विहीणबाई खलाशाच्या बिछान्यावर टेकल्या, मलाही शेजारी बसवलं. हळूच म्हणाल्या, "मलाही असंच होतं. दाराकडे नका बघू, माझ्याकडे बघा. तुमची लेक लहानपणी कशी होती, ते सांगा."
मी सांगत बसलो. ती पहिल्यांदा सायकल शिकली तेव्हा मी मागून धरायचं विसरलो होतो, ते. ती घर सोडून गेली की संध्याकाळी मी कोणाशी भांडणार, तेही. हे कुठल्याच मुद्द्यात नव्हतं.
मागची अख्खी रांग उलट्या पावली बाहेर निघाली, मग मी. व्याह्यांनी रुमाल दिला.
म्युझियमच्या वायुवीजनाबद्दल तक्रार करणार आहे. उद्या.

९ मार्च
तक्रार राहिली. सोयरीक मोडली असणार. कोणी सांगत नाही. मी विचारतही नाही. ऑफिसातून डबा तसाच परत आणला.

१० मार्च
विहीणबाईंचा लेकीला फोन. लग्न पक्कं! माझ्या कोणत्या माहितीने ते भारावले, असं मी लेकीला विचारलं.
ती म्हणाली, "बाबा, माहितीचं कोणी नावसुद्धा काढलं नाही. तुम्ही रडलात ना, तेव्हा त्यांना वाटलं, या माणसाशी आपलं जमेल."
मी रडलो नव्हतो. आत डिझेलचा वास फार होता, तो डोळ्यांना झोंबत होता. हे मी तिला नीट समजावून सांगितलं. सांगताना पुन्हा थोडा झोंबला.