ॲडमिन एक्स यांचं पूर्ण नाव आणि पत्ता

६ जानेवारी, रविवार
ठरलं. या वर्षी ब्लॉग.
नाताळचं झाड फाटकाबाहेर ठेवून आलो आणि तिथेच थंडीत उभ्या उभ्या डोक्यात प्रकाश पडला. बिजागऱ्यांच्या आमच्या कारखान्याची मेल, कॅलेंडरं, सामायिक फायली, मीटिंगच्या खोल्यांचं बुकिंग, हे सगळं ज्या एका म्हाताऱ्या सर्व्हरवर चालतं, तो सतरा वर्षं मी सांभाळतोय. तळघरात, खोली के-४. खिडकी नाही.
ऑक्टोबरपासून हे सगळं हॅनोव्हरच्या मुख्य कचेरीत नव्या प्रणालीवर जाणार. तिथे नवी टीम. आमच्या हेरफोर्डमधून एकच माणूस घेणार, नाव जूनअखेर ठरणार. आमचे वरिष्ठ टोन्समनसाहेब म्हणाले, ज्याचं ज्ञान दिसेल त्याचा विचार होईल. माझं ज्ञान तळघरात असल्यामुळे दिसत नाही, तिथेच घोडं अडलंय. ब्लॉग लिहिला की दिसेल.
आठवड्याला दोन पोस्ट. जूनपर्यंत पन्नास. हॅनोव्हरच्या कचेरीला जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या आहेत. मी फोटो पाहिलेत.
रोसविटाला सांगितलं. बायको म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, आधी गॅरेज आवर.

१० जानेवारी, गुरुवार
ब्लॉग अनामिक ठेवणार. साहेब लोकांबद्दल चार खरे शब्द लिहावे लागतील, ते नाव घालून लिहिता येत नाहीत. टोपणनाव: ॲडमिन एक्स. जूनमध्ये सगळीकडे नाव झालं, की मग उघड करायचं की तो मीच. टोन्समनसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

२ फेब्रुवारी, शनिवार
पार्श्वभूमीचा रंग नक्की झाला. करडा. चार आठवडे गेले, पण करड्या रंगाचे किती प्रकार असतात हे लोकांना माहीत नसतं.
पोस्ट: शून्य. पाया मात्र भक्कम.

११ फेब्रुवारी, सोमवार
नोकरीच्या करारात कलम आहे की बाहेरचा कुठलाही उद्योग आधी कळवावा. फॉर्म भरला. उद्योगाचं स्वरूप: 'कारखान्याच्या सॉफ्टवेअरविषयी अनामिक ब्लॉग.' सही टोन्समनसाहेबांचीच लागते. त्यांनी वाचलं आणि विचारलं, अनामिक म्हणजे अगदी पूर्ण अनामिक का? म्हटलं, पूर्ण. म्हणाले, छान, छान, आणि सही केली.
नियमात राहूनही माणूस धाडसी असू शकतो.

२४ फेब्रुवारी, रविवार
कायद्याने ब्लॉगवर मालकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि संपर्क दिलेलं एक पान लागतं. नसलं तर एखाद्या वकिलाची नोटीस येऊन पडते. मी असल्या बाबतीत ढिलाई करत नाही. घातलं: फोल्कमार ब्रिंकर, लिंडेन रस्ता १४, हेरफोर्ड, घरचा फोन.
रोसविटा मागून वाचत होती. म्हणाली, अरे, मग हा अनामिक कसला? तिला शांतपणे समजावलं की ही दोन वेगळी पानं आहेत. ब्लॉग अनामिक आहे, आणि कायद्याचं पान कायद्यासाठी आहे. ती मान हलवत स्वयंपाकघरात गेली. तांत्रिक गोष्टी सामान्य माणसाला समजावणं सोपं नसतं. ब्लॉग लिहिताना हे लक्षात ठेवायला हवं.
नंतर वाचकांच्या माहितीच्या गोपनीयतेचं निवेदन लिहिलं. चौदा पानं. वाचक अजून नाहीत, पण आले तर सुरक्षित राहतील.

१४ मार्च, गुरुवार
पहिली पोस्ट! विषय: मोठ्या मीटिंगच्या खोलीचं भूत.
आमच्याकडे हॉर्स्ट प्रीबे नावाचे गृहस्थ होते. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण दर गुरुवारी दहा ते अकरा मोठी खोली अजून त्यांच्याच नावावर बुक होते, कायमची. ते बुकिंग पुसायला गेलं तर चारशे लोकांना 'मीटिंग रद्द' अशी मेल जाते, आणि त्या धक्क्याने बाकीची बुकिंगंही कोलमडतात. म्हणून आठ वर्षं गुरुवारी कुणी त्या खोलीत जात नाही. हे बुकिंग कशाकशाला जोडलेलं आहे ते जगात फक्त मला माहीत आहे. तसं पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं. ज्ञान दिसायला हवं.
वर दुसऱ्या मजल्यावर माइके आलर्स आहे, प्रिंटर सांभाळते. तिनेही हॅनोव्हरसाठी अर्ज दिलाय म्हणे. बिचारीचा ब्लॉग नाही.

२१ मार्च, गुरुवार
आकडे पाहिले. वाचक अठ्ठावीस! सगळे हेरफोर्डचे, आणि सगळे सकाळी साडेनऊ ते पावणेदहा या वेळातले. आमच्या कारखान्याची नाश्त्याची सुट्टीही नेमकी तेव्हाच असते, म्हणून मी जागेवर नसतो आणि आकडा चढताना मला कधी प्रत्यक्ष दिसत नाही. या भागात या विषयाला इतकी मागणी असेल असं वाटलं नव्हतं.

६ एप्रिल, शनिवार
सकाळी आठला घरचा फोन वाजला. रोसविटाने उचलला आणि हाक मारली, अनामिक माणसासाठी फोन आहे, येतोस का?
आमच्याच कारखान्याच्या डिस्पॅचमधली बाई होती. तिच्या फायली उघडत नव्हत्या. ब्लॉगवर नंबर मिळाला म्हणाली. चाळीस मिनिटं मदत केली. वाचकांशी असं थेट नातं जुळायला मोठमोठ्या ब्लॉगना वर्षं लागतात.

१२ एप्रिल, शुक्रवार
दुसरी पोस्ट. जहाल. 'साहेब ट' नावाचं पात्र. न वाचलेल्या मेल एक्केचाळीस हजार. महत्त्वाची मेल आली की सेक्रेटरी ती कागदावर छापून देते, ते पेनाने उत्तर लिहितात, आणि तिने ते पुन्हा टाइप करायचं. एक अक्षर सोडलं तर ओळखायला कुठेच वाव ठेवलेला नाही.

३० एप्रिल, मंगळवार
आढावा. ठरल्या होत्या पन्नास पोस्ट, झाल्या चार. पण चौथी फार खोल आहे: म्हाताऱ्या सर्व्हरमधल्या ज्या तेवीस गोष्टी कुठेच लिहून ठेवलेल्या नाहीत, त्यांची यादी. फक्त यादी. त्या कशा करायच्या ते अर्थातच लिहिलं नाही, सगळे पत्ते कुणी उघडे करतं का?
शनिवारचे फोन आता सात-आठ असतात. रोसविटा म्हणते, एक तर फोन काढ नाहीतर तू तळघरातच झोप. गॅरेज राहिलंय.

२३ मे, गुरुवार
कॅन्टीनमध्ये पांढऱ्या ॲस्पॅरॅगसची भाजी होती. कामगार समितीच्या अध्यक्ष कोसाल्लाबाई ताट घेऊन मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, ब्रिंकर, तुमची तेवीस गोष्टींची यादी वाचली हं, अंगावर काटा आला. मी विचारलं, कुठली यादी? त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, काळजी करू नका, तुमच्यासारख्या माणसाला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही.
कसं कळलं कोण जाणे. शैलीवरून असेल.

१२ जून, बुधवार
पत्र आलं! सोमवार २४ जून, दहा वाजता, टोन्समनसाहेबांची खोली. सोबत कोसाल्लाबाई.
कोसाल्लाबाई का? माणसाची बदली करायची तर कायद्याने कामगार समितीची संमती लागते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हॅनोव्हर पक्कं.
आपल्याकडे जाणाऱ्याने जाताना सगळ्यांना खाऊ घालायचं असतं, त्यात कंजूषपणा केला तर लोक वर्षानुवर्षं बोलतात. म्हणून बेकरीत जाऊन आलो. बटर केकचे चार मोठे ट्रे, आणि इथे समारंभाला लागतातच ते कच्चा खिमा न् कांदा घातलेले साठ पाव. शुक्रवार २८ जून, दुपारी एक. सगळ्यांना सर्व्हरवरून आमंत्रण पाठवलं: 'एक छोटासा समारंभ'. कारण लिहिलं नाही, गंमत राहू दे.
रोसविटा म्हणाली, अरे, आधी त्यांना बोलू तरी दे. हिचा स्वभावच असा.

२४ जून, सोमवार, सकाळी सात
निळा कोट घातला. भाषण पाठ आहे. सतरा वर्षं, आभार, थोडा विनोद, एक्सचा उलगडा.

२४ जून, सोमवार, दुपार
टेबलावर फाइल होती. सेक्रेटरीने अख्खा ब्लॉग छापून, रंगीत विभाजकं घालून लावला होता. गोपनीयतेच्या निवेदनाची चौदा पानंही.
टोन्समनसाहेब खूश होते. म्हणाले, ब्रिंकर, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. फॉर्मवर सही केली होती, म्हणून पहिल्या पोस्टपासून वाचतोय. म्हणाले, तो साहेब ट काय पण नमुना आहे हो, असली माणसं कुठल्या कारखान्यात असतात तरी? मी म्हटलं, लांबच्या एका.
मग म्हणाले, प्रीबेंचं बुकिंग आणि त्या तेवीस गोष्टी वाचून वरच्या मंडळींची झोप उडाली. हे सगळं ऑक्टोबरमध्ये हलवायचं म्हणजे वेडेपणा. सर्व्हर आता जागचा हलणार नाही. आणि ज्याला तो कळतो तोही नाही. सगळं मी निवृत्त होईपर्यंत आहे तसंच चालेल, असं ठरलंय.
मी एक्कावन्न वर्षांचा आहे. निवृत्ती सदुसष्टला.
कोसाल्लाबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, तोपर्यंत तुम्हाला कुणी काढू शकणार नाही असा लेखी करार मिळवलाय, दोन महिने भांडत होते मी. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
हॅनोव्हरची नवी टीम तर होणारच आहे, तिथे कोण, ते मी विचारलं. माइके आलर्स. साहेब म्हणाले, तिच्यावाचून इथे काही अडत नाही ना.

२४ जून, सोमवार, संध्याकाळ
रोसविटाला सांगितलं. वाटलं, आता ऐकवेल. ती बटाटे सोलत बसली आणि थोड्या वेळाने माझ्या पाठीवरून ओल्या हाताने थोपटलं. त्याने जास्तच वाईट वाटलं.
मला जायचं होतं. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवतो: मला तिथून फार, फार जायचं होतं. माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि त्याला करडी पार्श्वभूमी दिली.

२५ जून, मंगळवार
बेकरीला फोन केला. बेकरीवाला म्हणाला, साठ पाव आणि चार ट्रे आता रद्द होत नसतात, ब्रिंकर, आणि अभिनंदन, तुमचं ऐकलं.
सकारात्मक बाजू: स्थैर्य. नव्या जोमाने पाचवी पोस्ट लिहायला घ्यावी. उद्या.

२६ जून, बुधवार
साहेबांची सूचना: ब्लॉग आता कामाचा भाग. दर शुक्रवारी बारापर्यंत एक पोस्ट, आधी त्यांच्याकडे, मग समितीकडे, मग वकिलांकडे. आणि खाली नाव घालावं, अनामिक नको, लोकांचा गोंधळ होतो.

२८ जून, शुक्रवार, दुपारी तीन
केक चांगला होता.
सगळे आले. कारण लिहिलं नव्हतं, आणि आज माइकेचा इथला शेवटचा दिवस, त्यामुळे प्रत्येकाने धरलं की हा तिचाच निरोप. माइकेनेही तसंच धरलं. मला मिठी मारून म्हणाली, फोल्कमार, किती रे गोड तू, खाऊ खरं तर मलाच आणायचा होता, मी तर विसरूनच गेले होते. कोसाल्लाबाईंनी भाषण केलं. मग टाळ्या, आधी माइके चालली म्हणून, मग मी राहिलो म्हणून. माझ्यासाठीच्या जास्त वेळ वाजल्या. माझं भाषण कोटाच्या खिशातच राहिलं.
मी लवकर खाली आलो. माणूस गेला की त्याच दिवशी त्याची मेलपेटी बंद करायची आणि आपोआप जाणारं उत्तर लावायचं, हे माझं काम. मजकूर ठरलेला असतो, नावं तेवढी भरायची. माइकेचं भरलं. मग नीट चालतंय ना ते बघायला तिला एक ओळ पाठवली: हॅनोव्हरसाठी शुभेच्छा.
उत्तर लगेच आलं.
'मी आता या कारखान्यात काम करत नाही. यापुढील सर्व अडचणींसाठी कृपया श्री. फोल्कमार ब्रिंकर, तळघर, खोली के-४, यांच्याशी संपर्क साधावा. ते नेहमी उपलब्ध असतात.'