पाहुण्याचं जेवण

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

झालं ते असं:

१. गेल्या शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत पांढरी चादर टांगली, मागे दिवा लावला. पाऊण तासात चादरीवर ४१२ कीटक.

२. लिफ्टमध्ये कागद लावला — 'आपल्या बागेत ४१२ कीटक!' उद्गारचिन्ह आनंदाचं होतं.

३. आज कमिटीची तातडीची सभा. मी शहराच्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामावर.

४. ठराव: रविवारी, २३ला, सगळ्या बागेत कीटकनाशकाची फवारणी. सूचक म्हणून माझं नाव!

१६ नोव्हेंबर

सेक्रेटरी सूर्यकांतअण्णांना भेटले. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षं इथे कन्नड मुलखात. मी पुण्याहून येऊन चौदा महिने.

"अण्णा, ४१२मध्ये डास फक्त अकरा."

"बाकीचे कोण मग?"

"पतंग, भुंगेरे, तुडतुडे, माश्या."

"त्यांचं पण स्वल्प बघायला पाहिजे की!" स्वल्प म्हणजे जरा; अण्णांच्या मराठीत कन्नड असतंच.

१८ नोव्हेंबर

सकाळी अण्णा पाण्याच्या टाकीजवळ, हातात वाटी. समोर करडा धोबी पक्षी — पोट पिवळं, शेपटी सारखी खालीवर. दर हिवाळ्यात हिमालयाकडून येतो. अण्णा त्याला पाहुणा म्हणतात.

"रोज दहीभात ठेवतो गं. खातच नाही. लाजतो बिचारा."

"लाजत नाही. तो कीटक खातो."

"नुसते कीटक?"

"जवळजवळ. इतकं उडून आल्यावर अंगावर चरबी उरत नाही. हिवाळाभर इथे खायचं, परतीपुरतं साठवायचं. तिकडे पिल्लांनाही कीटकच भरवतात. रविवारी तुम्ही त्याच्या पुढचं ताट काढून घेताय."

अण्णा वाटीकडे बघत राहिले. "मग चार वर्षं हा दहीभात कोण खातंय?"

"कावळे."

इतकं नेमकं बोलायला नको होतं.

१९ नोव्हेंबर

अण्णांची अट: डासांचा बंदोबस्त कर, फवारणी रद्द. अण्णांकडून उचललेला शब्द वापरला: सरी, म्हणजे ठीक!

डास साचलेल्या पाण्यात वाढतात. कुंड्यांखालच्या ६४ बशा तपासल्या. नऊमध्ये अळ्या. सर्वांत जास्त — दुसरा मजला, माझी गॅलरी. नोंद केली. वरच्या जमनाबाई बराच वेळ हसल्या. ती नोंद केली नाही.

सगळ्या बशा उपड्या. पालापाचोळा जाळायचा नाही, झाडाखालीच ठेवायचा — त्यातही धोब्याच्या खाण्याचे किडे वाढतात. बागेतले दिवे सातला बंद. पतंग त्यांच्याभोवती फिरून मरतात.

२१ नोव्हेंबर

फवारणी रद्द! अण्णांनी स्वतः लिफ्टमध्ये सूचना लावली. कन्नड, मराठी, इंग्रजी.

२३ नोव्हेंबर

फवारणीवाल्याला कळवायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही. तो लिफ्टनं कशाला येईल? फाटकातून थेट बागेत आला. मी खाली पोचेपर्यंत सगळं फवारून झालं होतं.

"तीन भाषांत लिहिलं होतं मी," अण्णा म्हणाले. मग टाकीच्या कठड्यावर बसले.

२४ नोव्हेंबर

धोबी दिसला नाही.

२५ नोव्हेंबर

अण्णांच्या दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीची नक्कल:

'अण्णा, धोबी जिवंत आहे. भिंतीपलीकडच्या सोसायटीत, त्यांच्या नाल्याशी. तिथे रविवारी, ३०ला, हाच माणूस फवारणार आहे. तिथे मला कुणी ओळखत नाही आणि मला कन्नड येत नाही. माझ्याबरोबर याल का? शुक्रवार, २८ नोव्हेंबरपर्यंत कळवावं. — मैत्रेयी'