कोनाड्यातला गडू

अमरावती, १९५८. मंगळवार, दिवेलागण

मरणाला टेकलेल्या माणसांजवळ बसायचं काम आमच्या महिला मंडळानं मला दिलं, पण अक्कल कोण देणार? मूळ मोर्शीच्या, आता मागच्या गल्लीत राहणाऱ्या कौसाबाईंच्या उशाशी, कोनाड्यात, शेवटच्या घोटासाठीचा गंगाजळाचा गडू आज मी आधीच ठेवून दिला. त्यांना तहान लागली. म्हणाल्या, “त्या गडूतलं दे.” मी घाबरून माठातलं दिलं.

“ते कावून नाही? कोनासाठी ठेवलं?”

मी गडू पिशवीत घातला आणि निघाले. दारात पोचते तर मागून म्हणतात, “बाई, उद्या आनजो तो. मले लागन.”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊकच होतं!

आणि गडू इथं, माझ्या देवघरात. उद्यापर्यंत थांबतील का त्या? नको. चप्पल घालते.