लाखेने बंद केलेले पाकीट

मोहाडी,
गुरुवार, ७ जानेवारी १९८८

चि. भोजराज,

तुझ्या मुलांना आशीर्वाद. तुला काय लिहायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून तेवढी जागा कोरी सोडते.

हे पत्र लिहावं लागतं आहे त्याचं कारण एकच. तू पुंडलिकरावांना खोटं सांगितलंस, आणि त्यावर विसंबून ते आणि मंदाबाई या सत्तावीस तारखेला विमा न काढता अमेरिकेला थोरल्या मुलाकडे निघाले आहेत. ते परके नाहीत. तुझे व्याही आहेत, तुझी शकुन त्यांच्या घरात नांदते.

मंगळवारी ती तिघं आमच्याकडे आली होती. पुंडलिकरावांचं तहसीलीत काम होतं, ते आटोपून यांची तब्येत पाहायला म्हणून आले. शकुनने वाकून नमस्कार केला. पुंडलिकराव यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि पासपोर्ट दाखवायला लागले. मंदाबाईंचा फोटो पाहून मी म्हटलं, चांगला आला आहे. त्या म्हणाल्या, "चांगला कायचा विहीणबाई, पोलिसानं धरल्यावानी दिसून राहिली मी!"

यांना हसू आलं. डाव्या गालाने हसतात आता.

मी विचारलं, विमा काढला का? पुंडलिकरावांनी हात झटकला. "कायले बाई? भोजराजभाऊनं सांगतलं ना मले. तुमी एवढा पैसा भरला, आन् वेळेवर कंपनीनं हात वर केले. तुमच्यासारख्या शिकल्या बाईले त्याईनं फसवलं, आमी त करडी गावचे धान लावनारे. पोरगं बी पत्रात लिहिते विमा काढा म्हनून. त्याले म्या कळवलं, भोजराजच्या ताईले विचार म्हना."

मंदाबाई म्हणाल्या, "मी लोनचं नेऊन राहिली, पापड नेऊन राहिली. कागद कोन उचलते?"

मी उठून चहा टाकला.

आता जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण तू ते लोकांना निरनिराळ्या तऱ्हेने सांगतोस आणि सांगता सांगता तुलाही ते खरं वाटायला लागलं असेल.

गेल्या मे महिन्यात आमचं टोरांटोला लेकीकडे, हेमलताकडे जायचं ठरलं. शाळेचे निकाल माझ्या डोक्यावर होते, नागपूरला खेपा घालायला मला सवड नव्हती. तू दुकानाच्या मालासाठी दर बुधवारी लाखनीहून नागपूरला जातोस. म्हणून परदेश प्रवासाच्या विम्याचे दोन अर्ज मी स्वतः भरले. यांचं वय चौसष्ट, म्हणून हृदयाचा आलेख काढून घेतला, डॉक्टरांचा दाखला लावला, वर पैसे ठेवले आणि सगळं तुझ्या हातात दिलं. तू म्हणालास, "ताई, तू बिनधोक राय. बुधवारी काम होते."

नागपूर स्टेशनवर तू पाकीट आणून दिलंस. जाड खाकी, पाठीवर लाखेचा ठसा. तुझं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "ताई, समदं आत हाय. मोहर तोडू नको. लागलं तरच तिकडं फोडजो." मग यांच्या पाया पडलास आणि डब्यातून उतरून खिडकीशी गाडी हलेपर्यंत उभा राहिलास. तुझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, भाऊ आहे, वाईट वाटतं.

टोरांटोला सोळाव्या दिवशी सकाळी यांच्या हातातून दुधाचा पेला सुटला. उजवा हात, मग पाय. दवाखान्यात नेलं. आधी त्यांनी उपचार सुरू केले, ते मान्य करते. मग एक बाई कागद घेऊन आली आणि तिने नम्रपणे विचारलं, यांचा विमा कोणाकडे आहे? जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आहे ना. कपाटातल्या पेटीत ठेवला आहे. हेमलता घरी जाऊन पाकीट घेऊन आली. मी ते तिला फोडू दिलं नाही. जबाबदारीचा कागद स्वतः पाहावा ही माझी सवय. मी व्हरांड्याच्या टोकाला खिडकीपाशी गेले आणि मोहर तोडली.

हळदीचे तांदूळ. मी दिलेल्या नोटा, जशाच्या तशा. माझे दोन्ही अर्ज, यांचा आलेख, दाखला. आणि तुझी चिठ्ठी.

"ताई, भाऊजीच्या नावानं हा कागद काढाले हात धजला नाही. बाबाचं आठवते. त्याईनं कागद काढला आन् सा महिन्यात गेले. गायमुखच्या महादेवाले नवस बोललो हाय. तुमाले काही होत नाही. पैसे वापस ठेवले. राग मानू नको."

एक पैसा तू खाल्ला नाहीस. खाल्ला असतास तर मला सोपं गेलं असतं. चोराला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे ठेवा. मानेच्या शिरेची तपासणी करू, हात चालवायचे व्यायाम देऊ. तिथे दिवसाचा दर असतो. जावयांची नोकरी नवीन होती. हेमलताच्या शिक्षणाचं दुसरं वर्ष सुरू होणार होतं. यांची जीभ तेव्हा जड झाली होती, पण शब्द कळत होते. पाचव्या दिवशी रात्रपाळीच्या नर्सकडून यांनी दर विचारून घेतला. सहाव्या दिवशी सकाळी बिछान्यावर उठून बसले आणि मला म्हणाले, "चला." मी म्हटलं, कुठे? "चला. पोरीचं घर बुडवायला नाही आलो आपण." स्वतःच्या जबाबदारीवर जातो असं डाव्या हाताने लिहून दिलं. दोन आठवड्यांनी आम्ही परत आलो, आणि मोहाडीत पाय ठेवल्याला दहा दिवस होत नाहीत तो दुसरा झटका आला. तो त्यांना कायमचा आडवा करून गेला.

तिथे ठेवलं असतं तर दुसरा झटका टळला असता असं मी म्हणत नाही. डॉक्टरही छातीठोकपणे म्हणत नाहीत. पण जे करता येत होतं ते करू दिलं नाही, एवढं नक्की. हेमलताने शिक्षण सोडलं. सहा दिवसांचं बिल फेडण्यासाठी ती कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. पत्रात लिहिते, आई, काम छान आहे. मी तिची आई आहे, अक्षरावरून कळतं.

यांना आता एकच शब्द येतो. "चला." पाणी हवं तरी चला, कूस बदलायची तरी चला. धानाच्या जातींची नावं इंग्रजीत आणि मराठीत घडाघड सांगणारा माणूस.

बाबांचं. ते मला तुला तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. बाबांनी विमा काढला आणि सहा महिन्यांत धानाच्या बांधीत त्यांना पान लागलं, साप चावला, हे खरं. आई म्हणायची, त्या कागदानं नेलं माझ्या माणसाला. तू चौदा वर्षांचा होतास, ते तुझ्या मनात बसलं. पण त्या कागदाचे पैसे आले होते, भोजराज. मी नागपूरला कॉलेजात शिकलेली, घरात इंग्रजी वाचणारी एकटी. मीच अर्ज केला, मीच जाऊन घेतले. त्यांवर तुझं मॅट्रिक झालं, आणि उरले ते तुझ्या लाखनीच्या दुकानाच्या पहिल्या मालात गेले. आईने शपथ घातली, पोराला सांगू नको, बापाच्या मरणाचे पैसे म्हणून हात लावणार नाही. मी सांगितलं नाही. तू ज्या कागदाला साप समजतोस त्याने तुला वाढवलं आहे. विम्याने मरण येत नाही. परक्या देशात आपण आडवे झालो तर कोणाच्या गळ्यात पडायचं, एवढंच तो ठरवतो.

आणखी एक. ते लिहायचं नव्हतं, म्हणून इतका वेळ बाकीचं लिहीत बसले.

कंपनीने हात वर केले हे खोटं तुझं नाही. माझं आहे. त्या व्हरांड्यातून परत येताना मी पाकीट पदराखाली धरलं आणि जावयांना सांगितलं, अर्जात काही उणीव राहिली म्हणून कंपनी देणार नाही. का सांगितलं? माझ्या भावाने तांदूळ बांधून दिले, हे त्या परक्या घरच्या मुलासमोर माझ्या तोंडून निघेना. माहेरची लाज. इथे आल्यावर तुलाही मी तेच सांगितलं, की मी असं म्हटलं आहे, तूही तसंच म्हण. तू मान खाली घालून हो म्हणालास. मला वाटलं होतं तू गप्प राहशील. तू ते लाखनीच्या चौकात दुकानावर बसून सांगत सुटलास, आणि सांगताना कंपनीला शिव्या घालायलाही लागलास.

आणि स्टेशनवर मी ते पाकीट का फोडलं नाही? पोरांच्या वह्यांचं पानन् पान तपासणारी मी. मुंबईपर्यंत अख्खी रात्र होती, पुढे विमानतळावर सहा तास. मोहर तोडू नको म्हणालास म्हणून नाही. माझाही हात धजला नाही. मला वाटलं, न पाहिलेलं बरं. म्हणजे तुझ्या-माझ्यात फरक फक्त इंग्रजीचा.

तरी मला तुझा राग आहे. तो कमी झालेला नाही. मला भीती वाटली तेव्हा मी फक्त माझे डोळे मिटले. तू माझे मिटलेस.

तेव्हा आता हे कर. मंगळवार, बारा तारखेच्या आत करडीला जा. पुंडलिकरावांना तुझ्या तोंडाने सांग, की ताईचा विमा काढलाच नव्हता, अर्ज माझ्याकडे होते, मी दिले नाहीत. शकुनच्या सासरी मान खाली जाईल हे मला कळतं. मंगळवारी ती समोर बसली होती म्हणूनच मीही चहा टाकायला उठले. पण मंदाबाईंना साखरेचं दुखणं आहे आणि त्या फेब्रुवारीच्या थंडीत बर्फात जाताहेत. तू सांगितलंस की मला कळव.

शनिवार, ९ जानेवारी, दुपार

पत्र गुरुवारी टपालात टाकायचं राहिलं. काल संध्याकाळी पुन्हा वाचलं. "तू सांगितलंस की मला कळव" इथे थांबले. पुन्हा तेच. काम तुझ्या हातात द्यायचं आणि आपण आत काय आहे ते न पाहता वाट बघत बसायचं. तेवढा मूर्खपणा एकदा पुरे.

आज सकाळी शेजारच्या आनंदाबाईंना यांच्याजवळ बसवलं आणि आठच्या गाडीने करडीला गेले. पुंडलिकराव अंगणात धानाची पोती मोजत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तुझं आधी, मग माझं. त्यांनी चिठ्ठी मागितली. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. शकुन दाराशी आली, दुरूनच कागद पाहिला आणि म्हणाली, "बाबाचं अक्षर हाय." मग आत गेली नाही, तिथेच उभी राहिली.

पुंडलिकरावांनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले, "भोजराजनं मले बी तांदूळच बांधून देल्ले असते का बाई?"

मी म्हटलं, त्याने प्रेमानेच दिले असते.

मंदाबाई माझ्याकडे पाहत होत्या. "त्याचं सोडा. आमी त त्याईले साधेच समजतो. पन तुमी, विहीणबाई? मंगळवारीच तुमच्या पुढ्यात बसलो होतो आमी. तुमी बी?"

मी म्हटलं, हो, मी बी.

पुंडलिकरावांनी चष्मा काढला. "शकुन, पोरी, चाय मांड. तुह्या आत्यासाठी बी." तिच्याशी ते नेहमीच्याच आवाजात बोलले. त्या माणसाची ही गोष्ट तू जन्मभर लक्षात ठेव. मग मला म्हणाले, "सोमवारी मीच जातो नागपूरले. कोनाच्या हाती देत नाई." मी त्यांना सांगितलं, साखर लपवू नका, अर्जात लिहा. जुन्या दुखण्याचं ते देणार नाहीत, पण पाय मोडला, छातीत कळ आली तर देतील. पॉलिसी हातात आली की पानन् पान शकुनच्या नवऱ्याकडून वाचून घ्या, आणि पाकीट उघडंच ठेवा.

हेमलतालाही आज खरं लिहिलं आहे. ते पत्र याच्याबरोबर टपालात पडेल.

तू यांना भेटायला येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये. त्यांना तू आवडतोस, त्यांना काही ठाऊक नाही. तू दिसलास की तुलाही "चला" म्हणतील. मी मात्र त्या वेळी शाळेत असेन.

करडी येथे श्री. पुंडलिकराव यांच्या हाती दिले, दि. ९ जानेवारी १९८८, सकाळी साडेनऊ:

परदेश प्रवास विम्याचे कोरे अर्ज, गेल्या मे महिन्यातले माझ्याकडे उरलेले, दोन.
भोजराजची चिठ्ठी, मूळ.
कंपनीबद्दल मी खोटं सांगितलं, असा माझ्या हातचा कागद, सहीसह, एक.

तिन्ही मिळाल्याची सही घेतली आहे.

मनकर्णा