मौनी महाराजांची नोंद

अमरावती, गुरुवार, १२ डिसेंबर १९६३

आज सकाळी साडेअकराला, अकोल्यात, माझी भाची कुसुम हिच्या सासरी एका शिकलेल्या माणसाने पेनाला टोपण लावलं आणि तिच्या संसाराचा निकाल लावला. अजून किळस जात नाही.

कुसुमचा बाळू पाच वर्षांचा. बोलत नाही, नजर देत नाही, दिवसभर ताटली फिरवतो. असली मुलं कोणत्या घराण्यांत होतात, यावर मुंबईचे हे डॉक्टर संशोधन करतात. वंशावळ मात्र त्यांनी एकट्या सासूबाईंना विचारून लिहिली. सुनेला तोंड असतं, हे त्यांना कोण सांगणार?

"आमच्यात असं कोनी नाही, डॉक्टरसाहेब. हे तिच्या माहेरचं."

मी म्हटलं, "आणि तिवशाचे तुमचे चुलतसासरे? जन्मभर बोलले नाहीत. तांब्या फिरवत बसायचे."

"ते तं मौनी महाराज होते, बाई. लोक पाया पडाले येत. त्यायले काहून यात आनता?"

डॉक्टर हसले. "संतांना आजाऱ्यांत कसं धरू?" आणि टोपण लावलं. दोष आईकडचा म्हणे! संक्रांतीनंतर कुसुमने बाळूला घेऊन कायमचं माहेरी जायचं, हे सासूबाईंनी तिथेच जाहीर केलं.

याला शास्त्र म्हणायचं? ते टोपण डोळ्यांसमोरून हलत नाही.

उद्याच डॉक्टरांना लिहिते: वडिलांकडचा न बोलणारा माणूस वगळून दोष आईचा कशावरून ठरवलात? लेखी उत्तर ३१ डिसेंबरच्या आत हवं. मला नव्हे, सासूबाईंच्या नावे.