नेहमीचं गिऱ्हाईक

सोमवार, २० जानेवारी. व्हिएन्ना, हॉटेल.

पोचलो. गाडी वेळेवर. दोन्ही सुटकेस मी उचलल्या, कंबर ठीक.

आमच्या रीडहून निघाल्यापासून बुर्गी खिडकीबाहेर बघत होती. वाटेत वेल्स स्टेशनला गाडी बदलली तेव्हा म्हणाली, हा आठवडा आपण दोघांनी नीट घालवून बघू या. रविवारी ती ठरवणार, माझ्याबरोबर घरी यायचं की क्लागेनफुर्टला बहिणीकडे, हर्मीनेकडे जायचं. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, दिवस नाही, राहायला.

प्रवासात माणूस काहीही बोलतो. सकाळी तिने नीट खाल्लंही नव्हतं.

तिची तक्रार एवढीच की सप्टेंबरात रिटायर झाल्यापासून मी घरात तिच्या मागे मागे असतो. वास्तविक मी फक्त स्वयंपाकघराची मोजणी केली. सारा जन्म जमीनमोजणी खात्यात गेलेल्या माणसाला आपल्याच घरातली फळी तिरकी आहे हे दिसतं, त्याला तो काय करणार? डब्यांना लेबलं लावली ती तिच्याच सोयीसाठी. बटाटे ती गरजेपेक्षा जास्त उकडते हे मी एकदाच दाखवून दिलं. (दोनदा.)

संकल्प: हा आठवडा संपूर्ण फुरसतीचा. कसलीही घाई नाही. फुरसतीचं वेळापत्रक घरूनच तयार करून आणलं होतं, ते बाथरूमच्या आरशावर चिकटवलं.

मंगळवार, २१ जानेवारी. दुपार.

कॅफे सापडलं. ट्रामच्या स्टॉपसमोर, कोपऱ्यावर. लाल मखमल झिजलेली, वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना अडकवलेली. एका कॉफीवर दिवसभर बसलं तरी कोणी उठवत नाही. फुरसत फुरसत म्हणतात ती हीच. बुर्गीला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो, पण घड्याळ काढून ठेव.

वेटरचं नाव ओटमार. काळा कोट, चेहरा मुलीचा हात मागायला आलेल्या जावयाकडे बघावं तसा. पलीकडच्या म्हाताऱ्याला तो 'प्रोफेसरसाहेब' म्हणाला, खिडकीतल्या बाईंना 'डॉक्टरीणबाई'. दोघांची कॉफी न मागता आली. मला म्हणाला, "काय?"

इथे लिहून ठेवायला हरकत नाही: मीही डायरेक्टर आहे. रिटायर व्हायच्या थोडंसंच आधी खात्याने पद दिलं. ते लोकांच्या तोंडात बसेपर्यंत निरोप समारंभ आला. व्हिजिटिंग कार्डांचा डबा मी सील न फोडता घरी आणला. रीडची बेकरीवाली अजून मला नुसतं 'हिंटरहोल्त्सर' म्हणते, आणि घरी तर काय, 'बेर्टल'च. बेर्टल, पाय उचल. बेर्टल, तिथून बाजूला हो.

दोघांसाठी दोन काळ्या कॉफ्या मागवल्या. आम्ही नेहमी त्याच घेतो.

संकल्प: रविवारपर्यंत इथलं नेहमीचं गिऱ्हाईक व्हायचं. ओटमारने न विचारता कॉफी आणली पाहिजे आणि 'डायरेक्टरसाहेब' म्हटलं पाहिजे. बुर्गीसमोर. नवऱ्याला व्हिएन्नात मान आहे हे बघितलं की हर्मीनेचं खूळ आपोआप जाईल. दोन्ही कामं एकाच खुर्चीवर बसून होतात.

बुधवार, २२ जानेवारी.

बुर्गीने स्टाटपार्क बागेच्या पलीकडे आइस रिंक शोधून काढलंय. वय चौसष्ट, भाड्याचे स्केट्स. मलाही चल म्हणाली. लग्नाआधी आपण गावच्या तळ्यावर जायचो, तू धडाधड पडायचास आणि पडल्या पडल्या हसायचास, असं तिचं म्हणणं. मला आठवत नाही. मी हसत पडणाऱ्यातला नाही.

सांगितलं, उद्या नक्की. आज तीन वाजता टेबलावर असणं महत्त्वाचं. सातत्य तुटलं तर वेटरच्या लक्षात कसा राहणार?

साडेचारला ती परत आली. गाल लाल, टोपी तिरकी. बसते न बसते तोच ओटमारने तिच्यासमोर एक उंच ग्लास आणून ठेवला. वर क्रीमचा डोंगर. न विचारता! मी लगेच म्हटलं, चूक झाली, हे आमचं नाही, बाई काळी कॉफी घेतात. ओटमारने बुर्गीकडे पाहिलं. बुर्गीने टेबलाकडे पाहिलं. ग्लास परत गेला, कॉफी आली, ती तिने गार होऊ दिली.

चूक दाखवून दिली की वेटरवर वजन पडतं. एकंदरीत दिवस चांगला गेला.

गुरुवार, २३ जानेवारी.

सकाळी बुर्गी माझ्याआधी उठून बाहेर. नाश्त्यालाही नव्हती. मी आरशावरच्या वेळापत्रकात त्याप्रमाणे दुरुस्ती केली.

कार्डांच्या डब्याचं सील फोडलं. (डबा बरोबर आणला होता. बुर्गीला माहीत नाही.) एक कार्ड टेबलावर सहज पडल्यासारखं ठेवलं, अक्षरं ओटमारच्या बाजूला. तो आला आणि नेमका त्याच्यावर ट्रे ठेवून गेला. ट्रे सरकवला, कार्ड पुढे केलं. पुढच्या फेरीला त्याने त्याच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. अक्षरं फुगली. 'काय?' हेही आज म्हणाला नाही, नुसती भुवई.

रिंकला जाणं जमलं नाही. हवा दमट, गुडघे. बुर्गीला उद्याचं पक्कं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे, बेर्टल." मला वार कळतात, मी तसं म्हटलंही.

जेवताना ती हर्मीनेबद्दल बोलली. हर्मीने काही विचारत नाही म्हणे, नुसती शेजारी बसते. मी म्हटलं, मीही बसतो की, दिवसभर बसलोय. तिने सूप संपवलं नाही. तिला इथलं सूप आवडत नसावं.

शुक्रवार, २४ जानेवारी. संध्याकाळ.

आज जे झालं त्यात योजना चुकली नाही, जागा चुकली.

योजना अशी: कॅफेच्या नंबरवर फोन करायचा, 'डायरेक्टर हिंटरहोल्त्सर आहेत का' विचारायचं, म्हणजे ओटमारला ते सगळ्यांदेखत मोठ्याने पुकारावं लागेल. मी टेबलावरून सावकाश हात वर करणार. बुर्गीला फोन करायला सांगितलं असतं, पण ती रिंकवर. म्हणून मीच करायचं ठरवलं. टेबलावरून करता येईना, सगळे बघतात. तळघरातल्या टॉयलेटमध्ये गेलो. आवाज बदलला. ओटमार म्हणाला, थांबा. आणि मग माझ्याच कानात, फोनमधून, त्याचा आवाज हॉलभर घुमला: "डायरेक्टर हिंटरहोल्त्सर! फोन आहे! डायरेक्टरसाहेब!"

इतकं छान म्हणाला. आणि मी खाली, हात धुवायच्या बेसिनपाशी.

जिना चढत पळालो. वर पोचेपर्यंत तो फोनमध्ये सांगत होता की असा कोणी माणूस इथे नाही, आणि ते मला दोन्हीकडून ऐकू आलं, समोरून आणि हातातल्या फोनमधून. प्रोफेसरसाहेब दांडीवरचं वर्तमानपत्र खाली करून बघत होते.

माझ्या टेबलावर बुर्गी बसली होती. कोट अंगात, टोपी हातात. मला घेऊन जायला लवकर आली होती, शेवटचा एक तास तरी चल म्हणायला. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं हसेल. तिने मान खिडकीकडे वळवली आणि बराच वेळ ट्रामचा स्टॉप बघत राहिली.

हॉटेलात आल्यावर शांतपणे म्हणाली, "मी उद्याच जाते. संध्याकाळची गाडी आहे." रविवारपर्यंत थांबण्यासारखं काही राहिलं नाही म्हणे. मी म्हटलं, वेळापत्रकात रविवार आहे. ती बाथरूममध्ये गेली, आरशावरचा कागद सोडवून आणला, घडी घालून माझ्या उशीवर ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मला झोप येणार नाही असं दिसतंय. ती जाणार नाही. पण सुटकेस भरलेली आहे.

शनिवार, २५ जानेवारी. सकाळ.

संकल्प: रिंक. आज रिंक. फक्त रिंक. कॅफे गेलं खड्ड्यात, ओटमार गेला खड्ड्यात. ती सकाळीच सुटकेस घेऊन बाहेर पडली, म्हणाली सामान स्टेशनवर ठेवून जरा फिरेन. कुठे ते विचारायची हिंमत झाली नाही. पण ती दुसरीकडे कुठे जाणार? रोज तिथेच असते. तिला सांगायचं नाही, नुसतं बर्फावर समोर उभं राहायचं. तीन वाजता.

तोच दिवस. संध्याकाळ.

गेलो. स्केट्स घेतले. उभा राहिलो, म्हणजे तसा प्रयत्न केला. तिथे लहान मुलांना धरून चालायला प्लास्टिकचे पेंग्विन देतात. मीही मागितला. काउंटरवरच्या बाईने विचारलं, नातू कुठे आहे? मी म्हटलं, येतोय.

पेंग्विनच्या कानांना धरून, म्हणजे कान असतात त्या जागी धरून, वाकून, रिंकभर बुर्गीला शोधलं. लाल टोपी दिसली की तिकडे. लाल टोप्या फार असतात. एका बाईला पाठीमागून 'बुर्गी' म्हणून हाक मारली आणि पेंग्विनसकट तिच्या नवऱ्यावर आदळलो. उठलो, पुन्हा पडलो. एवढीशी पोरं मला वळसा घालून जात होती. गुडघा सुजला, हातमोजा हरवला. मी मनात ठरवलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो, ते वाक्य असं होतं की आलो बघ. ती नव्हती. दिवे लागले तरी नव्हती.

मग फोन केला. माझा फोन आठवडाभर बंद होता, फुरसत म्हणून. फक्त काल एकदा चालू केला होता, ते वर लिहिलंच आहे.

तिने उचलला. मागे गाडीचा आवाज.

"तू कुठे होतास?" ती म्हणाली. "मी तुझ्या टेबलावर बसले होते. तीनपासून. म्हटलं, जाण्याआधी एकदा तुझ्याबरोबर नुसतं बसावं."

मी म्हटलं, "रिंकवर आहे. पेंग्विन घेऊन."

 मग तिने विचारलं, "पडलास?"

"खूप."

"हसलास का?"

नाही म्हटलं. घाई होती म्हटलं, तुला शोधत होतो. ती काहीतरी बोलायला लागली आणि आवाज तुटला. त्या लाइनवर बोगदे आहेत. मी रिंकच्या कठड्याला धरून उभा राहिलो. बोगदा संपला असेल तेव्हा पुन्हा केला, पण तोवर पुढचा सुरू झाला असावा.

पेंग्विन परत दिला. डिपॉझिट घ्यायचं राहिलं.

रविवार, २६ जानेवारी.

रीडची गाडी दुपारी. हॉटेल सोडलं. पाय आपोआप कॅफेकडे वळले, लंगडत.

दार उघडलं आणि ओटमार समोरून आला. कोट काढायला मदत केली. मान किंचित झुकवून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "नमस्कार, डायरेक्टरसाहेब. आपलं टेबल मोकळंच आहे." प्रोफेसरसाहेबांनीही मान हलवली. काळी कॉफी आली. न विचारता.

मी बसलो. आता काय वाटायला हवं ते आठवत होतो.

त्याला विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाला, बाईसाहेबांनी, काल. बिल देताना म्हणाल्या, उद्या आले तर त्यांना एकदा तसं म्हणा, त्यांना बरं वाटेल. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने विचारलं, "बाईसाहेबांचं नेहमीचं आणू का? की त्या नाहीत आज?"

मी म्हटलं, आणा.

मला माहीत नव्हतं काय येणार. तोच उंच ग्लास आला, क्रीमचा डोंगर. कॉफी नाहीच. गरम चॉकलेट, तळाशी रम. ओटमार म्हणाला, रोज सकाळी उघडल्या उघडल्या येऊन घ्यायच्या, खिडकीपाशी, सावकाश. सगळं क्रीम आधी चमच्याने संपवायच्या. काळी कॉफी त्यांना सोसत नाही, जळजळ होते, असं म्हणाल्या होत्या एकदा.

आमच्या लग्नात मी तिच्यासाठी काळी कॉफी मागवली होती. तेव्हापासून मागवतोय. तिने कधी सांगितलं नाही असं लिहिणार होतो. सांगितलं असेल. मी कप मोजत असेन.

क्रीम आधी संपवलं, चमच्याने. फार गोड आहे. मग सगळं प्यायलो, रमसकट, आणि माझी कॉफी गार झाली. डोळ्यांतून पाणी आलं. लोक बघत होते तरी पुसलं नाही.

ओटमारला विचारलं, क्लागेनफुर्टला तळी गोठतात का? म्हणाला, "वेटरला काय माहीत, डायरेक्टरसाहेब."

संकल्प: रीडऐवजी क्लागेनफुर्टचं तिकीट काढणे. आजच. तिच्या दारात जाऊन उभं राहणे.

खोडलं. संकल्प: आधी तिला विचारणे.

टेबलावरूनच फोन केला, सगळ्यांदेखत. विचारलं, येऊ का? तिने गुडघ्याचं विचारलं. बर्फाने शेक म्हणाली. मी म्हटलं, शेकतो. येऊ का?

ती म्हणाली, "आत्ता नको, बेर्टल."