तीन वाट्यांतली वेगळी वाटी

३ मे, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं आधीपासूनच लिहून ठेवतात, म्हणजे पुढे चरित्र लिहिणाऱ्यांची धावपळ होत नाही.

आज इंटर्नशिपचा पहिला दिवस. कंपनी जॅम, सॉस आणि सरबतं बनवते. दोन महिन्यांत अख्खी कंपनी पालथी घालायची आणि प्रोजेक्ट लिहायचा: 'अन्नप्रक्रिया उद्योगातील एका कंपनीचा सखोल अभ्यास'. 'सखोल' हा शब्द माझा. गाईडसरांनी नुसता 'अभ्यास' दिला होता.

पुढचा प्लॅन पक्का आहे. जूनअखेर सर्टिफिकेट, ते जोडून दूरच्या शहरातल्या कॉलेजात ॲडमिशन. मित्र आधीच तिकडे गेलाय, त्याच्या खोलीत माझी खाट धरून ठेवली आहे. मग हे घर, ही गल्ली आणि बाथरूममध्ये जरा उशीर झाला तरी दार वाजवणारे बाबा, सगळ्यांना रामराम.

३ मे, संध्याकाळ

गेटवर घड्याळ, मोबाइल आणि पेन काढून घेतलं. पेनाचं टोपण जॅममध्ये पडतं म्हणे. अभ्यासाला आलेल्या माणसाचं पेन! डोक्यावर जाळी घातली. प्रौढ दिसावं म्हणून खास दाढी वाढवली होती, तिच्यावरही जाळी. आरशात एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही.

एकदा आत गेलं की कंपनीच्या सहाच्या बसपर्यंत बाहेर सोडत नाहीत. बाहेरची धूळ आत येते.

एचआरच्या साहेबांना माझा आराखडा दाखवला. खरेदी, प्लांट, हिशेब, विक्री, प्रत्येकी दोन आठवडे. 'बघू' म्हणाले. उत्पादनाचे आकडे मागितले. बघू. मी बसायचं कुठे? तेही बघू. यापुढे यांना बघूसाहेब म्हणणार.

५ मे

कंपनीनं मला ओळखलं. चव तपासणाऱ्या पॅनलवरच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात, त्यांच्या जागी मला बसवणार. तात्पुरतं. लॅबच्या मॅडमनी एवढंच विचारलं, की सर्दी होते का आणि सिगारेट ओढता का. दोन्हीला नाही म्हणालो. झालं, म्हणाल्या. इतकी कमी चौकशी माणूस विश्वास असल्याशिवाय करत नाही.

६ मे

माझं केबिन मिळालं. केबिन म्हणजे तीन बाजूंनी फळ्या, समोर भिंत आणि भिंतीत एक झडप. खुर्ची मागे सरकवली तर दार उघडत नाही. वर लाल बल्ब, म्हणजे जॅमचा रंग बघून कुणी लबाडी करू नये. झडप वर जाते, एक हात ट्रे आत सरकवतो, झडप खाली येते. तीन वाट्या. दोनांत एकच जॅम, तिसरीत वेगळा. वेगळी ओळखायची, तिचा नंबर लिहायचा, कोमट पाण्यानं चूळ भरायची, कोरडं बिस्किट चावायचं. मग पुढचा ट्रे.

मला पहिल्याच फटक्यात कळलं. ४१७. बरोबर का म्हणून मॅडमना विचारलं, तर सांगायची पद्धत नाही म्हणाल्या. पण किंचित हसल्या. मी काय समजायचं ते समजलो.

११ मे

जिभेची निगा सुरू. पॅनलच्या आधी चहा नाही, कांदा-लसूण नाही, वासाचा साबण नाही, तेल नाही. मी निष्ठेनं सगळं आदल्या रात्रीपासूनच पाळतो. आईला सांगितलं, भाजीत मीठ अर्ध्या चिमटीनं जास्त आहे आणि फोडणी एका बाजूला झुकली आहे. आई माझ्या पुढ्यातलं ताट उचलून आत घेऊन गेली.

ताई म्हणाली, गाढवाला गुळाची चव काय. थोर माणसाची कदर घरात शेवटी होते.

१६ मे

गाईडसरांचा फोन. किती पानं झाली? मी म्हणालो, सध्या फील्डवर्क चालू आहे. खरं म्हणजे एक वाक्य झालंय: 'अन्न ही मानवाची मूलभूत गरज आहे.' वाक्य भक्कम आहे, पुढचं सुचत नाही. प्लांट मी अजून काचेतूनच पाहिलाय. पलीकडे बाटल्या पुढे सरकत असतात. त्या निदान शेवटी बाहेर तरी पडतात.

उद्यापासून रोज दोन पानं.

२० मे

पानं नाहीत. दिवसभर फक्त जॅम. लाल उजेडात वेळ कळत नाही. दुपारी वाटलं संध्याकाळ झाली, विचारलं तर अजून जेवणाची सुट्टीच व्हायची होती. गेटवर जाऊन म्हणालो, पाच मिनिटं मोकळी हवा खाऊन येतो. वॉचमननं बघूसाहेबांची चिठ्ठी मागितली. बघूसाहेब म्हणाले, बघू.

परत आलो. झडप वर गेली, ट्रे आला. एक क्षण मला खरंच वाटलं, की या हाताला धरावं आणि म्हणावं, मला बाहेर काढ. पण हाताला ग्लोव्ह होता. पहिली वाटी उचलली.

२४ मे

आगीतून फुफाट्यात. जेवताना बाबांनी जाहीर केलं, की कंपनीनं ठेवून घेतलं तर पुढच्या शिक्षणाचा विषय संपला. शिकतात कशासाठी? नोकरीसाठी. ती लागली की शिकायचं कशाला? आणि नाही ठेवलं, तर खुशाल जा, मी अडवणार नाही. एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं.

म्हणजे माझी हुशारीच माझ्या मुळावर आली. जो माणूस एकही वाटी चुकत नाही, त्याला कुठली कंपनी सोडेल? रात्रभर तळमळलो. खाट, मित्र, खोलीची खिडकी, सगळं डोळ्यांपुढून हललं.

२५ मे

उपाय सापडला. हुशारी लपवायची. जीभ सांगेल ती वाटी सोडून भलतीच लिहायची. आज दिवसभर तसं केलं. स्वतःची कला स्वतःच्या हातानं मातीत घालताना काय वाटतं, हे कलावंतालाच कळेल. पण मन घट्ट केलं.

१ जून

मॅडमनी बाजूला बोलावलं. गेल्या आठवड्यापासून तुमच्या उत्तरांत फरक पडलाय, म्हणाल्या. झोप होते का, घरी सगळं ठीक आहे ना, काही औषध चालू आहे का, सगळं विचारलं. चेहऱ्यावर खरी काळजी होती. पहिल्यासारखं व्हायला हवं, नाहीतर पॅनलवरून काढावं लागेल आणि मग दोन महिने भरले असं लिहिता येणार नाही.

म्हणजे सर्टिफिकेट नाही. म्हणजे ॲडमिशन नाही. बरोबर ओळखलं तर नोकरी, चूक ओळखलं तर सर्टिफिकेट गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

वाईट वाटलं तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. माझ्यावाचून त्यांचं अडलं.

२ जून

पुन्हा मनापासून चाखायला लागलो. संध्याकाळी मॅडमनी खूण केली, छान. मन भरून आलं. सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत छान राहायचं आणि ते पडल्याबरोबर पळायचं.

१२ जून

बघूसाहेबांकडे सर्टिफिकेट थोडं आधी मागितलं. नेहमीचा शब्द आला नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि बाबांचा फोन नंबर बरोबर आहे ना, एवढंच विचारलं. मला हे लक्षण ठीक दिसत नाही.

प्रोजेक्ट: तीन पानं. त्यातलं एक अनुक्रमणिका.

२० जून

मोठ्या साहेबांच्या खोलीत बोलावलं. बघूसाहेब होते, मॅडम होत्या. मी दारातूनच म्हणालो, माझ्या कामाबद्दल काही बोलणार असाल, तर मला आधीच सांगायचंय की मला शिकायचं आहे.

मोठे साहेब बसा म्हणाले. मिक्स फ्रूट जॅममधलं फळ कमी करून ते लाल भोपळा वाढवणार आहेत. गेलं वर्षभर हेच चाललंय, पण पॅनलवरचे लोक इतके तयार झालेत, की चमचाभर भोपळ्यालाही नाक मुरडतात आणि काम अडतं. बाजारातलं गिऱ्हाईक काही लाल दिव्याखाली बसून जॅम खात नाही. त्यांना साधी जीभ हवी होती. मी विचारलं, साधी म्हणजे? मॅडम बोलल्या.

"तीनातली एक वाटी डोळे मिटून उचलली, तरी अधूनमधून बरोबर येतेच. तुमची तेवढीही येत नाही. मध्ये एक आठवडा तुम्ही ओळखायला लागलात, तेव्हा आम्ही घाबरलोच होतो."

तो आठवडा. मी हुशारी लपवली होती तो.

मला कायम करणार आहेत. म्हणजे हा जॅम बदलला हे ज्या दिवशी मलासुद्धा कळेल, त्या दिवशी तो बाजारात न्यायचा नाही. तोवर सगळं चालेल. मी नाही म्हणालो. बघूसाहेब हळूच म्हणाले, की वडिलांशी सकाळीच बोलणं झालंय. ते हो म्हणाले. आणि फार खूश होते.

२१ जून

बाबा गल्लीत सांगत फिरतायत. आईनं आज सगळ्यांच्या आधी मला वाढलं. मी जेवलो नाही. मीठ कमी की जास्त, ते मला कधीतरी कळत होतं का, एवढंच आठवून बघत होतो.

नाही. कुठेतरी गल्लत आहे. मॅडमनी वाट्यांचे नंबर उलटे धरले असणार. माझी जीभ मला ठाऊक आहे.

२३ जून

मोठ्या साहेबांना स्पष्टच सांगितलं. मला फरक कळतो, माझी परीक्षा घ्या. ओळखलं तर मी तुमच्या कामाचा नाही, मग नोकरी नाही, बाबांना फोन करून तसं सांगा आणि मला जाऊ द्या. ते मॅडमकडे बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. मोठे साहेब म्हणाले, ओळखलंत तर मी स्वतः फोन करतो.

केबिनमध्ये बसलो. सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. झडप वर गेली. २८६, ५३९, ७०४. प्रत्येकीतला घास जिभेवर फिरवला, टाळूला लावला, गिळला. चूळ भरली. पुन्हा पहिल्यापासून. ५३९ मध्ये शेवटी एक आंबटसर टोक होतं. उभ्या जन्मात मला कशाचीही एवढी खात्री नव्हती. ५३९ लिहिलं आणि कागद झडपेखालून सरकवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग मॅडम मागच्या दारानं आल्या. दार उघडेना म्हणून मला उभं राहावं लागलं. त्या म्हणाल्या, ७०४. मी म्हणालो, असेल, अगदी थोडाच फरक असणार. त्यांनी मान हलवली. माझी दया येऊन त्यांनी मुद्दाम सोपी वाटी ठेवली होती. ७०४ मध्ये फळ नव्हतंच. नुसता भोपळा, साखर आणि रंग.

त्या गेल्यावर मी तिथेच बसलो आणि रडलो. लाल उजेडात ते कुणाला दिसलं नसेल.

२६ जून

प्रोजेक्ट गाईडसरांकडे पाठवला. नोकरी लागली म्हटल्यावर त्यांनी पानं मोजली नाहीत. अभिनंदन केलं. 'सखोल' तेवढा खोडला.

३० जून

ॲडमिशनचा आज शेवटचा दिवस होता. सर्टिफिकेट मिळालंय, नेमणुकीच्या पत्राच्या पाकिटातच. दुपारी लॅबच्या फोनवरून मित्राला कळवलं, खाट दुसऱ्या कुणाला दे. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, कंपनी सोडत नाही. खोटं नाही ते.

संध्याकाळी बस गल्लीच्या कोपऱ्यावर थांबली. नवीन कामगारांना नव्या मालाचा खोका देतात. बाबांनी तो ओट्यावर ठेवून फोडला, एक बाटली उघडली, चमचे मागवले. ताईनं चमचा तोंडात घातला आणि थांबली. म्हणाली, हा पूर्वीचा नाही. आईनं चाखून बघितला, भोपळ्यासारखा लागतोय म्हणाली. बाबांनी आधी मोठा घास घेतला होता. ते तोंड तसंच ठेवून मागच्या दाराकडे गेले आणि थुंकून आले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आता मी कंपनीचा माणूस.

मी चमचाभर घेतला. मला तर तो नेहमीसारखाच लागला.